खाली गाडीची टिपणं

माझा धंदा कागदांचा. पासिंग, परमिट, विमा, गाडी नावावर करणं, एचपी म्हणजे कर्जाचा बोजा चढवणं, एचपी उतरवणं. लातूरला एक खोली, टेबल, दोन खुर्च्या, झेरॉक्सचं मशीन. आठवड्यातून एकदा नांदेडची फेरी. एमएच २४ आणि एमएच २६ या दोन पाट्यांच्या मधल्या दीडशे किलोमीटरांत बावीस वर्षं गेली. गाडीवाला तोंडानं काय सांगतो याकडे मी फार लक्ष देत नाही. कोणता कागद तो पुढच्या महिन्यावर ढकलतो, तेवढं बघतो.

विम्याचंच घ्या. भाडं बरं असतं तेव्हा माणूस फुल विमा काढतो. हात आखडला की थर्ड पार्टीवर येतो, कारण ती कायद्यानं टळत नाही. २० ते ४० टनांच्या मालगाडीचा थर्ड पार्टीचा दर जून २०२२ ला ४३,९५० रुपये ठरला; कर वेगळा. एवढे भरूनही स्वतःच्या गाडीच्या पत्र्याला संरक्षण नाही. गाडी उलटली तर समोरच्याला भरपाई आणि आपल्याला क्रेनचं बिल. तरी गेल्या दोन-अडीच वर्षांत माझ्याकडची फुल विम्याची फाईल पातळ होत चालली आहे. मंदी आली की गेली हे बघायला मला पेपर उघडावा लागत नाही.

*

दाजींची गाडी लोह्याची. दहा टायरी, २०१३ चं मॉडेल, दुसऱ्या हातानं घेतलेली. दाजी म्हणजे आमच्या आक्काचे मालक. गाडीचे मालकही तेच, ड्रायव्हरही तेच, आणि मागच्या दसऱ्यापासून किन्नर, म्हणजे क्लीनरही तेच. पोरगा ठेवायचा तर रोजचा भत्ता, दोन वेळचं जेवण, वर महिन्याचे पैसे. ते वाचवले. आता ताडपत्री एकट्यानं ओढायची, रस्सी एकट्यानं आवळायची, गोदामात गाडी मागं घ्यायची तर खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर येऊन स्वतःच बघायचं.

"रात्री टायर बसला तर?" मी विचारलं.

"तांबडं फुटंस्तोवर आपणबी बसायचं."

*

अहमदपूरच्या पुढं एका टिप्परच्या मागं लिहिलेलं वाचलं: 'हप्ता बाकी आहे, अंतर ठेवा.'

*

गाडीवाल्याचा हिशेब खिशातल्या वहीत मावतो, आणि घोटाळा तिथंच आहे.

लातूरहून वाशीला डाळ न्यायची, येताना काही मिळालं तर भरून यायचं. जाऊन-येऊन साडेनऊशे किलोमीटर धरा. भरलेली दहा टायरी लिटरला चार किलोमीटर देते. म्हणजे दोनशे चाळीस लिटरच्या आसपास. डिझेल ९२ धरलं तर बावीस हजार तिथंच गेले. मग टोल, जेवणखाण, काटा, मुन्शियाना, पार्किंग. कुठं पावती, कुठं बिनपावतीचं. हे सगळं वहीत येतं, कारण ते खिशातून जातं.

आता जे वहीत येत नाही ते. दहा टायर आजच्या भावात दोन लाखांना पडतात. साठ-सत्तर हजार किलोमीटर चालले तर किलोमीटरला तीन रुपये. एका वाशीच्या फेरीत टायर जवळपास तीन हजार रुपये झिजतो, पण त्या दिवशी कुणी हात पुढं करून ते मागत नाही. पाटे, क्लच, इंजिन यांचंही तसंच. ड्रायव्हरचा पगारही तसाच, कारण ड्रायव्हर घरचा.

बाजाराला हे बरोबर कळतं. पन्नास गाड्यांच्या मालकाला ड्रायव्हरचा पगार द्यावाच लागतो, टायरचं बिल वर्षाला फेडावंच लागतं. एका दराच्या खाली त्याला उतरता येत नाही. एकगाडीवाला उतरतो. मग भाडं घसरत घसरत त्याच्या दिसणाऱ्या खर्चापाशी येतं, वर हजार-दोन हजार ठेवतं आणि तिथं टेकतं. हप्त्याच्या आठवड्यात तेवढेही ठेवत नाही. तो आधी टायर खातो, मग इंजिन खातो, शेवटी गाडीच खातो. चार वर्षांनी माझ्या टेबलावर वही आपटून म्हणतो, एकाही ट्रिपला तोटा नाही. वहीत खरंच नसतो.

*

पूर्वी भाडं दलालाच्या ओट्यावर ठरायचं. आठ गाडीवाले चहा घेत बसलेले. एखादा टनामागे शंभरानं खाली उतरला तर बाकीचे सात त्याच्याकडे बघायचे. कुणी बोलायचं नाही, नुसतं बघायचं. तेवढ्यानं तो पुढच्या वेळी जरा दमानं घ्यायचा. शिवाय संध्याकाळी जॅक मागायला त्याच सातांकडे जायचं असायचं.

आता मोबाईलवर निरोप पडतो: लातूर-वाशी, १६ टन डाळ, अर्जंट. तीन मिनिटांत तीस जणांचं 'मी येतो'. कुणाचा दर काय ते कुणाला दिसत नाही. दिसतो फक्त दलालाला. आणि कुणाचा हप्ता पाच तारखेला, कुणाचा पंधराला, हे दलालाला पाठ असतं.

मोबाईलनं गाडीवाल्याचे फायदेही झालेत, नाही असं नाही. परतीचं भाडं शोधायला दोन दिवस वाशीत पडून राहावं लागत नाही. पण बघणारे सात जण गेले ते गेले.

*

मंदी आभाळातून पडत नाही. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अ‍ॅक्सलवरचं वजन वाढवलं. तीन अ‍ॅक्सलची दहा टायरी २५ टनांवरून २८.५ टनांवर गेली. गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं तर सोळा टन नेणारी आता एकोणीस-साडेएकोणीस टन नेऊ लागली. सरळ गुणाकार करा: सात गाड्यांचा माल सहा गाड्यांत मावतो. बाजार समितीतली पोती काही सहाव्या हिश्शानं वाढली नाहीत. सातवी गाडी उभी राहिली.

त्यावर कुणी म्हणेल, ओव्हरलोड आधीही चालायचाच. चालायचा, मी काही शाळामास्तर नाही. पण तो चोरून, जीव मुठीत धरून चालायचा आणि त्या जोखमीचे चार पैसे जास्त मिळायचे. ते पैसे गेले, वजन तेवढंच राहिलं. नंतर मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती आली; जादा वजनाला सरसकट २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. महाराष्ट्रात ती डिसेंबर २०२१ पासून लागू झाली. आता साडेएकोणीसच्या वर जायची सोय नाही आणि खाली जायला परवडत नाही.

गंमत म्हणजे वजन वाढवलं त्याच महिन्यात, २० ते २७ जुलै, देशभर चक्काजाम होता. डिझेलचे भाव, टोल, विम्याचे दर यांवर भांडण झालं. आठ दिवस गाड्या उभ्या. वजनाचा फटका त्या वेळी आमच्यातल्या कुणाच्या ध्यानातही आला नव्हता. माझ्याही नाही. मी तर आरसीवर वाढीव वजन चढवून मिळेल का म्हणून विचारणाऱ्यांची नावं लिहून घेत होतो.

*

लातूर म्हणजे तूरडाळ आणि सोयाबीन. ऑगस्ट २०२१ ला सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं होतं. तो भाव शेतकऱ्याच्या डोक्यातून जात नाही. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ आणि आडतीवर चार-सव्वाचार हजार. कोण विकेल? ज्याला थांबता येतं त्यानं घरात थप्पी मारली. त्याचं काही चुकलं नाही. फक्त घरात थप्पी मारलेलं सोयाबीन गाडीत चढत नाही. आडतीला माल नाही, हमालाला पोतं नाही, गाडीवाल्याला भाडं नाही.

आणि गाडीवाला तरी कोण? बहुतेक वेळा त्याच शेतकऱ्याचा भाऊ. दाजींच्या धाकट्या भावानं सत्तर पोती ठेवली होती. तालुक्यातल्या सगळ्यांनीच ठेवली होती, म्हणून दाजींची गाडी बावीस दिवस उभी राहिली. हप्ता थकला तेव्हा भावानं वीस पोती काढली आणि पडत्या भावात विकली. ती आडतीवर न्यायला दाजींच्या गाडीची गरज नव्हती, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर गेली.

२०२५ ला हमीभाव ५,३२८ झाला. ऑगस्ट-सप्टेंबरात मुखेडपासून औसा-निलंग्यापर्यंत पाण्यानं रानं धुऊन नेली, शेंगा झाडावर कुजल्या. थप्पी मारायचा प्रश्नच कितीकांना उरला नाही.

*

गाडीवाल्याच्या नजरेनं बघितलं तर लातूर तेल काढत नाही, पेंड काढतं. क्विंटलभर सोयाबीनला तेल अठरा किलो, बाकी जवळपास सगळी पेंड. तिला इथं सगळे डीओसी म्हणतात. ती कोंबडीखाद्याला जाते, पुण्याकडं, नाशिककडं, हैदराबादकडं. कोरडा माल, सांडत नाही, गळत नाही, गोदामात लगेच खाली होतो. एकगाडीवाल्याचं हे लाडकं भाडं.

अलीकडं मका आणि तांदळापासून इथेनॉल काढणारे कारखाने वाढले. इथेनॉल काढून राहिलेला चोथा, डीडीजीएस, हाही कोंबडी खाते आणि तो पेंडीपेक्षा स्वस्त पडतो. खाद्यवाले तिकडं झुकले, पेंडीचा भाव पडला, सोयाबीनचा पडला, मग भाड्याचा पडला. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं दिल्लीत ठरलं. त्या पेट्रोलवर आपली मोटारसायकल पळते आणि त्याच्यापायी आपला ट्रक उभा राहतो, ही साखळी मी दाजींना समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग आता मका वाहायची काय?"

उत्तर तसं बरोबरच होतं. मका वाहणारे वाहतातच आहेत.

*

खताची रेक. मे-जूनमध्ये लातूरला किंवा नांदेडला मालगाडी लागली की दोन-तीन दिवस जत्रा. एक रेक म्हणजे साधारण २,६०० टन. दहा टायरीच्या दीडशेच्या आसपास खेपा. तालुक्या-तालुक्याच्या गोदामांत जायचं. भाडं थोडं, अंतर थोडं, पण पैसे लवकर. काही जण आता लांबच्या वाटेला जातच नाहीत. 'रात्री घरी जेवतो, तेबी भाड्यात धरा की,' असं एकानं सांगितलं. रेक नसेल त्या दिवशी तो काय करतो, ते मी विचारलं नाही. त्याची गाडी माझ्या खोलीसमोरच उभी असते.

*

पोच आणि बाकी. माल चढवताना भाड्याचा मोठा हिस्सा ॲडव्हान्स मिळतो, राहिलेला पोच आल्यावर. पोच म्हणजे पलीकडच्या गोदामाचा सहीशिक्क्याचा कागद. तो कागद परत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, तिथून गिरणीच्या ऑफिसात, तिथून 'पुढच्या सोमवारी या'. तेजीत ही बाकी दहा-पंधरा दिवसांत यायची. आता दोन-दोन महिने. वर 'घट' कापतात. पेंडीचं पोतं वाटेत सुकलं तरी त्याची भरपाई गाडीवाल्यानं करायची.

माझ्या ओळखीतल्या एकाची अशी अकरा ट्रिपांची बाकी अडकली. एक लाख चाळीस हजार. त्याच महिन्यात त्यानं डिझेलसाठी पंपावर उधारी केली आणि हप्त्यासाठी बायकोचं गंठण बँकेत ठेवून नऊ-दहा टक्क्यांनी कर्ज काढलं. म्हणजे गंठण ठेवून त्यानं गिरणीला बिनव्याजी पैसे वापरायला दिले. मी हे त्याला मांडून दाखवलं तर तो म्हणाला, "जाऊ द्या, त्यांच्याकडनंच पुढचं भाडं घ्यायचंय."

*

इन्कम टॅक्सवाल्यांचं एकगाडीवाल्याबद्दल फार चांगलं मत आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात ४४एई नावाचं कलम होतं. दहापर्यंत गाड्या असलेल्यानं हिशेबाच्या वह्या ठेवायची गरज नाही; बारा टनांच्या वरची गाडी दर महिन्याला, टनाला हजार रुपये कमावते असं धरायचं. २५ टनांची असेल तर पंचवीस हजार. सगळा खर्च जाऊन. गाडी पळाली की उभी राहिली, हे विचारायचं कारणच नाही. नावावर आहे ना, मग कमावलेच.

कर्जाच्या फाईलीला रिटर्न लागतं म्हणून मी दाजींचं भरायला दिलं होतं. त्यांनी आकडा वाचला. वर्षाचे तीन लाख. बराच वेळ कागदाकडं बघत बसले आणि म्हणाले, "ह्या माणसाला एकदा भेटायला पायजे."

*

डिझेल कुठं भरायचं हेही एक शास्त्र आहे. तेलंगणात महाग, म्हणून देगलूरला टाकी गच्च करून मग सीमा ओलांडायची. कर्नाटकात स्वस्त होतं, म्हणून उदगीरचा बिदरच्या वाटेवर आणि निलंग्याचा भालकीच्या वाटेवर भरायचा. चारशे लिटरच्या टाकीला तीन-चार रुपयांचा फरक म्हणजे दीड हजार हातात. नुसत्या फरकासाठी पंधरा किलोमीटर वाकडी वाट करणारे होते. जून २०२४ मध्ये कर्नाटकानं डिझेलवरचा कर वाढवला, एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा. आता तिकडच्या वाटेला त्या कारणानं कुणी जात नाही.

*

नांदेडला गाडी खाली झाली आणि परतीचं भाडं नसलं, तर इतर गावांपेक्षा एक बरं आहे. पोटाची काळजी नाही. हजूर साहिबच्या लंगरमध्ये ताटावर बसणाऱ्याला कुणी गाव विचारत नाही, गाडीचा नंबर विचारत नाही. पंजाबातल्या गाड्या दक्षिणेत कुठंही जायच्या असल्या तरी जमल्यास वाट वाकडी करून इथं माथा टेकून जातात.

मागच्या वर्षी एका सरदारजीची ओळख झाली. बारा टायरी घेऊन आलेला, पाच दिवस भाडं नाही. सकाळी लंगरमध्ये भांडी घासायची सेवा, दुपारी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांतून चक्कर, संध्याकाळी पुन्हा सेवा. सहाव्या दिवशी अर्धापूरची केळी मिळाली, दिल्लीची. मी म्हटलं, पाच दिवसांचा घाटा झाला. तो हसून म्हणाला, घाटा कसला, बाबाजींची सेवा झाली.

उत्तर मला फार आवडलं. फायनान्सवाल्याला ते देता येत नाही, एवढीच अडचण.

*

२०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं ठाक. लातुरात भाडं नव्हतं, कारण पिकलंच काही नव्हतं. तेव्हा गाडीवाल्यांनी हौद्यात प्लास्टिकच्या टाक्या बसवल्या आणि पाणी वाहिलं. मिरजेहून पाण्याची रेल्वे १२ एप्रिलला आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती सगळ्यांना आठवते. फोटो आले होते. टाक्यांच्या गाड्यांचे फोटो कुणी काढले नाहीत. एकगाडीवाल्यांतल्या बऱ्याच जणांना तो उन्हाळा धंद्याला वाईट गेला नाही. पण हे बोलायची लाज वाटते, म्हणून कुणी बोलत नाही.

*

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करतात, हळद आणि लोणी लावून. माझे वडील बैल विकून ट्रकवर ड्रायव्हर झाले होते, नांदेड-हैदराबाद मार्गावर. त्या संध्याकाळी ते गाडीखाली शिरून एकेका पाट्याला, एकेका जॉइंटला हातानं ग्रीस भरायचे. गन असायची, तरी हातानं. दुसऱ्या दिवशी मालक भाडं सांगायचा आणि ते ऐकून घ्यायचे. पोळ्याला गाडी जुंपली नाही असं एकही वर्ष मला आठवत नाही.

*

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. बातमी चांगली होती. नवी गाडी लाख-दोन लाखांनी नव्हे, त्याहून जास्त स्वस्त झाली. त्याच आठवड्यात जुन्या गाड्यांची गिऱ्हाईकं भाव पाडून मागायला लागली. दाजींनी दिवाळीला गाडी काढायची ठरवली होती. आधी ज्यानं साडेआठ लाख म्हटलं होतं, तो साडेसातवर आला, आणि मग फोन उचलेना.

*

मंदीत कोण टिकतं, हे मला लोक विचारतात. मी काही अर्थशास्त्री नाही, पण फाईली माझ्याकडं आहेत. ज्यांची एचपी उतरली होती ते टिकले. बस्स. कष्ट, हुशारी, ओळखी, निर्व्यसनीपणा, यांचा हात मला फार दिसला नाही. दारू पिणारा, पण कर्ज नसलेला टिकला. माळकरी, पण चाळीस हप्ते बाकी असलेला गेला.

उदगीरचा एक गाडीवाला आहे. टनामागचा एक आकडा त्यानं मनाशी ठरवलेला आहे, टायर आणि स्वतःचा पगार धरून. त्याच्या खाली भाडं आलं की तो गाडी लिंबाखाली लावतो, बॅटरीची वायर काढतो आणि शेतात जातो. महिना महिना. लोक त्याला आळशी म्हणतात. त्याच्या गाडीला कागदाचा एकही डाग नाही, फुल विमा आहे. त्याला हे जमतं, कारण दर महिन्याच्या दहा तारखेला त्याला कुणाचा फोन येत नाही. दाजींना तोच सल्ला मी तीन वर्षांपूर्वी दिला होता. सल्ला बरोबर होता. देण्याला काही अर्थ नव्हता.

*

गाडी वापरात नाही असं आरटीओला आगाऊ कळवता येतं. त्याला आम्ही नॉन-यूज म्हणतो. तेवढ्या काळाचा टॅक्स वाचतो. गाडी कुठं उभी आहे तो पत्ता द्यायचा, अधिकारी येऊन बघू शकतो. इतक्या वर्षांत हा अर्ज मी फार थोड्या जणांचा भरलाय. टॅक्स बुडवतील, दंड भरतील, पण गाडी उभी आहे असं लिहून द्यायला हात उचलत नाही.

दाजी मागच्या महिन्यात आले. चहा घेतला नाही. अर्ज मी लिहिला, त्यांनी सही केली. पत्ता भावाच्या शेताचा. कारण म्हणून 'दुरुस्तीसाठी उभी' लिहिलं आणि ते खोटं नाही. चार चांगले टायर काढून त्यांनी दोन हप्ते भरले होते, मागचा अ‍ॅक्सल विटांवर आहे.

आता ते दुसऱ्याच्या ट्रेलरवर आहेत, पुणे-हैदराबाद. पहिल्या महिन्याचे पैसे आले त्या दिवशी आक्काचा फोन आला. पगार बावीस हजार, ट्रिपचा भत्ता वेगळा. आठ वर्षांत त्या घरात ड्रायव्हरचा पगार पहिल्यांदा आला. तिनं दोनदा विचारलं, यातून टायरचे काही कापायचे असतात का.

गाडी विकायची आहे. दहा टायरी, २०१३, एमएच २६. थर्ड पार्टी मार्चपर्यंत, पासिंग आहे, परमिट आहे. एचपी आहे, अकरा हप्ते बाकी. कागद क्लिअर आहेत, मीच केलेत. टायर सहा.